लाल परीवर साडेसतरा टक्के, मेट्रोसाठी सेस : कर कोणाचा आणि प्रवास कोणाचा?

तीन तिकिटे शेजारी शेजारी ठेवून बघा. विमानाच्या इकॉनॉमी वर्गाच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के. मेट्रोच्या तिकिटावर जीएसटी शून्य. आणि पोलादपूरहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाणाऱ्या म्हातारीला घेऊन निघालेल्या एसटीच्या भाड्यावर राज्य सरकारचा प्रवासी कर साडेसतरा टक्के. दोनशे रुपयांच्या भाड्यामागे पस्तीस रुपये. हा कर १९५८ च्या कायद्याने बसवलेला आहे आणि साठ वर्षांहून अधिक काळ तो कष्टकऱ्यांच्या खिशातून वसूल होतो आहे. महापालिकांच्या शहर बससेवेला याच कराचा दर साडेतीन टक्के आहे. म्हणजे शहरात फिरणाऱ्याला साडेतीन, आणि गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला जाणाऱ्याला साडेसतरा.

ही गोष्ट आधी सांगण्याचे कारण आहे. शहरांची सार्वजनिक वाहतूक वाढवायची तर पैसा हवा, आणि तो पैसा स्थानिक विक्रीकरातून उभा करावा, असा विचार आता आपल्याकडेही मांडला जातो. अमेरिकेतल्या शहरांचे दाखले दिले जातात. लोकांनी थोडा थोडा कर जास्त द्यावा, त्यातून मेट्रो धावावी, सगळ्यांचे भले व्हावे. ऐकायला गोड आहे. पण आंबेडकरी माणसाने कोणत्याही कराकडे बघताना दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. हा पैसा कोणाच्या ताटातून उचलला जाणार? आणि तो कोणाच्या ताटात पडणार?

बाबासाहेबांची कसोटी

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि विसरतो. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९२७ मध्ये, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या महिनाभर आधी, मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. हजारो एकरांचा जहागीरदार असो की एका एकराचा कुणबी, सारा एकाच दराने. प्राप्तिकरात मात्र ठरावीक उत्पन्नाच्या खाली कर नाही. गरिबाला ऐपत न बघता कर आणि श्रीमंताला ऐपत बघून सूट, हा कुठला न्याय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

विक्रीकर हा याच जातीचा कर आहे. समजा, तळोज्यातली एक घरकामगार महिन्याला दहा हजार कमावते आणि दहाच्या दहा हजार खर्च करते. एक टक्का कर म्हणजे तिचे शंभर रुपये गेले, उत्पन्नाचा पुरा एक टक्का. ती ज्यांच्याकडे भांडी घासते ते महिन्याला दोन लाख कमावतात, साठ हजार खर्च करतात, बाकीचे म्युच्युअल फंडात टाकतात. त्यांचे सहाशे गेले, म्हणजे उत्पन्नाचे तीन दशांश टक्के. कागदावर दर सगळ्यांना सारखा, आणि भार मात्र गरिबावर तिप्पट. समान दर म्हणजे समता नव्हे, हे ज्याला कळत नाही त्याने संविधानातल्या समतेवर भाषणे देऊ नयेत.

नवा कर येईल तेव्हा बघू? कर आलेलाच आहे

कोणी म्हणेल, आपल्याकडे असा कर कुठे आहे? कायद्याने बघितले तर १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि स्थानिक संस्थांच्या हातातली विक्रीवरची करआकारणी संपली. जकात गेली, एलबीटी गेला, प्रवेशकराची घटनेतली नोंदही १०१ व्या दुरुस्तीने वगळली गेली. आता महापालिका दर महिन्याला मंत्रालयाकडून येणाऱ्या जीएसटी अनुदानाची वाट बघत बसतात. पेट्रोल, डिझेल आणि दारू यांवरचा व्हॅट मात्र राज्याच्या हातात राहिला. त्यामुळे उद्या कोणी वाहतुकीसाठी विक्रीकर लावायचा म्हटला तर तो इंधनावर, दारूवर किंवा जमीन-घराच्या खरेदीवर लागेल. दुसरी जागाच शिल्लक नाही.

आणि जमीन-घराच्या खरेदीवर तो लागलेलाही आहे. नागरी वाहतूक प्रकल्पांच्या नावाने मुद्रांक शुल्कावर १ टक्का अधिभार मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत आहे. लोक त्याला ‘मेट्रो सेस’ म्हणतात. कोरोनाच्या काळात दोन वर्षे तो थांबवला होता, १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सुरू झाला. वीस लाखांचे वन रूम किचन घेणारा सफाई कामगार आणि वीस कोटींचा बंगला घेणारा उद्योगपती, दोघांना टक्का एकच. १९२७ चा शेतसारा आणि आजचा मेट्रो सेस यांत या बाबतीत फरक शोधून सापडत नाही.

नावाने गोळा केलेला पैसा त्या नावासाठीच खर्च होईल, याची खात्री तरी काय? २०१५ साली दुष्काळाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार लागला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. दुष्काळ ओसरला, अधिभार नाही ओसरला. आणि आपल्या समाजाला तर हा अनुभव नवा नाहीच. २०२५ साली सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली. अनुसूचित जातींसाठी राखून ठेवलेला पैसा जर असा एका आदेशाने हलतो, तर ‘वाहतूक निधी’ नावाच्या डब्याचे झाकण किती घट्ट असणार?

रायगडच्या किनाऱ्यावर काय आले आणि कशाच्या बदल्यात

आता आपल्या जिल्ह्याकडे या. गेल्या काही वर्षांत रायगडच्या उत्तर टोकाला वाहतुकीची जेवढी कामे झाली तेवढी आधीच्या पन्नास वर्षांत झाली नव्हती. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर ही ११ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली. भूमिपूजन २०११ चे होते, बारा वर्षांनी गाडी धावली. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच दिवशी शिवडी ते चिर्ले असा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. या कामांचे स्वागतच केले पाहिजे. उरणच्या पोराला मुंबईत नोकरीला जायला लोकल मिळाली, यात वाईट काय आहे?

पण पैसा कुठून आला ते बघा. मेट्रो सिडकोने बांधली. उरणच्या लोहमार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोचा आणि ३३ टक्के रेल्वेचा. सिडकोचा पैसा म्हणजे भूखंड विकून आलेला पैसा. आणि भूखंड म्हणजे ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन, जिच्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानला पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मा झाले. म्हणजे इथल्या वाहतुकीचा पहिला कर इथल्या माणसाने आधीच भरला आहे. तो त्याने जमिनीत भरला, रक्तात भरला. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला लढून साडेबारा टक्के तरी मिळाले. मोबदल्याचा मूळ हिशेबच सातबाऱ्यावरून होत असेल, तर ज्या बौद्धवाडीतल्या आणि कातकरीवाडीतल्या माणसाच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या जमीनच नव्हती, त्याने काय दाखवायचे? त्याने फक्त मजुरीची शेते गमावली.

अटल सेतूवर मोटारीला एका फेरीचा टोल अडीचशे रुपये ठेवला गेला. दुचाकी आणि रिक्षाला तिथे प्रवेश नाही. सतरा हजार कोटींहून अधिक खर्चाचा पूल, त्यासाठी काढलेले जपानचे कर्ज, ते फेडणार सगळे मिळून, आणि ज्या गरिबाकडे जास्तीत जास्त एक जुनी स्प्लेंडर आहे त्याने खालच्या खाडीकडे बघत वाशीवरून वळसा घालायचा. बस गेली तरच तो पूल त्याचा होतो. म्हणून बसचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे.

आणि उत्तर टोकाच्या खाली काय आहे? अलिबाग हे जिल्ह्याचे ठाणे. थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडीचे रूळ आहेत. माणसांची गाडी नाही. खताच्या पोत्याला रेल्वे आहे आणि जिल्हा न्यायालयात तारखेला येणाऱ्या माणसाला नाही. मांडव्याला मुंबईहून मोटारी वाहून आणणारी रो-रो २०२० मध्ये सुरू झाली. रेवस आणि मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या साध्या लाँच आणि मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या कोळणी मात्र प्रकल्पांच्या सादरीकरणात कुठे दिसत नाहीत. श्रीवर्धन, म्हसळा, तळा, मुरूड, पोलादपूर या तालुक्यांत सार्वजनिक वाहतूक या शब्दाचा अर्थ आजही एसटी असाच आहे. ती वेळेवर आली नाही तर मुलीची शाळा बुडते आणि मजुराचा रोज बुडतो.

दासगावचे पाच मैल

ज्यांना वाहतूक हा सामाजिक न्यायाचा विषय वाटत नाही, त्यांनी २४ डिसेंबर १९२७ ची गोष्ट आठवावी. मनुस्मृती दहनाच्या आदल्या दिवशी बाबासाहेब प्रतिनिधींसह मुंबईहून महाडला निघाले. जवळचा रस्ता धरमतरवरून होता. तो सोडून त्यांनी ‘पद्मावती’ बोटीने दासगावचा लांबचा मार्ग धरला. कारण काय? बसमालकांनी बहिष्कार टाकलाच तर दासगावहून महाडपर्यंतचे पाच मैल पायी तोडता येतील. सत्याग्रहाची आखणी करताना सत्याग्रहींना बस मिळेल का, हा हिशेब बाबासाहेबांना करावा लागला होता. ज्याच्या ताब्यात बस, त्याच्या ताब्यात रस्ता, हे त्यांनी ओळखले होते.

आज कोणी जात विचारून बसमधून उतरवत नाही. आज मार्गच असा आखला जातो की बस वाडीपर्यंत पोहोचत नाही. फेरी तोट्यात आहे म्हणून बंद होते, आणि तोट्यातल्या फेऱ्या कोणत्या? गावकुसाबाहेरच्या, डोंगरावरच्या, गरीब वस्त्यांच्या. बहिष्काराला आता ‘अव्यवहार्य मार्ग’ असे सभ्य नाव मिळाले आहे.

अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पुरा द्या

स्थानिक विक्रीकराचे समर्थक लॉस एंजेलिसचे नाव घेतात. घ्या. तिथे १९८० साली मतदारांनी अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर मंजूर केला. त्यातल्या काही पैशातून १९८२ ते १९८५ अशी तीन वर्षे बसचे भाडे ५० सेंटवर आणले आणि प्रवासी झपाट्याने वाढले. मग सवलत संपली आणि पैसा रेल्वेकडे वळला. १९९४ मध्ये बसचे भाडे वाढवायचे आणि मासिक पास बंद करायचा निर्णय झाला, आणि त्याच वेळी नव्या रेल्वेसाठी मात्र निधी होता. बसमध्ये बसणारे बहुतेक काळे, लॅटिनो, गरीब कामगार. त्यांची बस रायडर्स युनियन उभी राहिली. नागरी हक्कांच्या कायद्याखाली खटला भरला गेला आणि १९९६ मध्ये प्राधिकरणाला तडजोड मान्य करावी लागली : दहा वर्षे भाड्यावर बंधन, बसमधली गर्दी कमी करणे, नव्या बस. कर सगळ्यांनी भरायचा आणि सेवा वरच्यांना मिळायची, ही वंशभेदाची रीत आहे, असे म्हणून ते लढले.

अटलांटाची गोष्ट त्याहून शिकण्यासारखी आहे. तिथे १९६८ मध्ये जलद वाहतुकीचा प्रस्ताव मतदानात पडला, कारण काळ्या मतदारांना त्यात आपल्या वस्त्यांसाठी काही दिसले नाही. प्रस्ताव घेऊन येणाऱ्यांना मग त्यांच्याशी बोलावे लागले. १९७१ मध्ये एक टक्का विक्रीकर मंजूर झाला तो अटी घालून. बसचे भाडे ४० सेंटवरून १५ सेंटवर आले आणि सात वर्षे तिथेच ठेवले गेले. विक्रीकर गरिबावर जास्त पडतो हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी आधी स्वस्त भाड्याची हमी घेतली आणि मग होकार दिला. त्याच वेळी क्लेटन आणि ग्विनेट या गोऱ्या बहुसंख्येच्या उपनगरी परगण्यांनी प्रस्ताव नाकारला, कारण बसबरोबर काळी माणसे आपल्या वस्तीत येतील ही भीती. क्लेटनला सामील व्हायला २०१४ साल उजाडावे लागले.

या दोन शहरांकडून काय घ्यायचे? तिथे कर लावण्याआधी लोकांना विचारले गेले. आपल्याकडे कोण विचारतो? सिडको आणि एमएमआरडीए यांच्या कारभाऱ्यांना पनवेल-उरणचा मतदार निवडून देत नाही. पनवेल महापालिका आणि रायगड जिल्हा परिषद या दोन्हींची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. याच काळात, २०२४ मध्ये, उरण, पनवेल, पेणच्या १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटरवर ‘तिसरी मुंबई’ आखली गेली आणि एमएमआरडीएच्या हवाली केली गेली. प्रतिनिधी नाहीत, सभागृह नाही, पण नकाशा तयार.

‘मग मेट्रोला विरोध आहे का?’

नाही. मेट्रोला विरोध म्हणजे विकासाला विरोध, हा ठरलेला आरोप होणारच, म्हणून स्पष्ट सांगतो. शहरे वाढणार आहेत आणि आपले लोकच जास्त संख्येने शहरांत येणार आहेत. बाबासाहेबांनी खेडे सोडून शहराकडे जायला सांगितले ते उगाच नाही. शहरात येणाऱ्याला परवडणारे घर कामाच्या जागेपासून लांबच मिळते, त्यामुळे चांगल्या सार्वजनिक वाहतुकीची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे. वाहतुकीसाठी कर घ्यायलाही आमची ना नाही. सार्वजनिक सेवा कराच्या पैशावरच चालते, आणि ज्यांना ती नको असते ते आपल्या गाडीतून जातात.

दुसरा आक्षेप असा की एसटी तोट्यात आहे, तिच्यात पैसा ओतून काय उपयोग? एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला आहे, हे खरे. पण जिच्या भाड्यातून साडेसतरा टक्के कर, डिझेलवर व्हॅट आणि वर टोल वसूल केला जातो, तिला तोट्यातली म्हणून हिणवायचे, हे गायीचे दूध काढून घेऊन वासरू हडकले म्हणण्यासारखे आहे. सरकार महिलांच्या अर्ध्या तिकिटाची आणि ज्येष्ठांच्या मोफत प्रवासाची भरपाई देते, असे सांगितले जाते. ती दिलीच पाहिजे, कारण सवलत सरकारने जाहीर केली आहे. मार्च २०२३ मध्ये अर्धे तिकीट सुरू झाल्यावर एसटीत बायकांची गर्दी वाढली. इतकी वर्षे त्या घरात का होत्या? तिकीट परवडत नव्हते म्हणून. भाडे कमी झाले की गरीब बाई घराबाहेर पडते, हे यातून दिसले. मग एका हाताने सवलत द्यायची, दुसऱ्या हाताने प्रवासी कर घ्यायचा आणि जानेवारी २०२५ मध्ये वर १४.९५ टक्के भाडेवाढ करायची, या हिशेबाचा अर्थ काय?

आमच्या मागण्या

रायगडच्या किनाऱ्यावर वाहतुकीसाठी कोणताही नवा कर, सेस, अधिभार येणार असेल, तर आंबेडकरी पक्ष-संघटनांनी पुढील अटींशिवाय त्याला पाठिंबा देऊ नये.

१) आधी एसटीच्या साध्या गाड्यांवरचा प्रवासी कर रद्द करा. मेट्रोच्या तिकिटाला जीएसटी नाही, तर लाल परीच्या भाड्याला प्रवासी कर का?

२) नवा कर मीठ-मिरचीवर किंवा सरसकट इंधनावर नको. तो जमिनीच्या मोठ्या व्यवहारांवर लावा. अलिबाग, मांडवा, किहीमच्या पट्ट्यात मुंबईचे धनदांडगे सुट्टीचे बंगले घेतात. पूल, जेट्टी आणि रस्ता आला की त्या जमिनीचा भाव आपोआप चढतो. सार्वजनिक पैशाने चढलेल्या भावातला वाटा सार्वजनिक तिजोरीत आला पाहिजे. पहिले छोटे घर घेणाऱ्याला यातून पूर्ण सूट द्या आणि वर चढत्या दराने कर घ्या.

३) निधी कायद्याने वेगळा ठेवा. त्यातला किमान अर्धा वाटा बस आणि लाँचसाठी, असे कायद्यातच लिहा. कराला शेवटची तारीख असू द्या आणि जमा-खर्च दरवर्षी मराठीत ग्रामसभेपुढे आणि प्रभागात ठेवा.

४) हा निधी खर्च करणाऱ्या मंडळात निवडून आलेले लोक हवेत, आणि त्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांच्या राखीव जागा हव्यात. प्रवाशांचा आणि एसटी कामगारांचा प्रतिनिधी हवा.

५) फेऱ्या ठरवताना उत्पन्नाबरोबर गरजही मोजा. दवाखान्याच्या वेळेआधी पोहोचणारी गाडी, शाळा सुटल्यावर परतीची गाडी, बौद्धवाडी आणि आदिवासीवाडीपासून चालत जाता येईल असा थांबा, मासळीची टोपली घेऊन चढू देणारी सेवा. एवढे झाले तरच तिला सार्वजनिक म्हणायचे.

यांत अवास्तव काय आहे? चवदार तळ्याचा लढा ज्या ठरावातून उभा राहिला तो सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव हेच सांगत होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि चालवलेली ठिकाणे अस्पृश्यांना खुली असली पाहिजेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला, आणि लोक प्रत्यक्ष तळ्यावर गेल्यावर ऑगस्ट १९२७ मध्ये तो मागेही घेतला. हक्कावर न्यायालयाची मोहोर उमटायला १९३७ साल उजाडले. ठराव पुरेसा नसतो, पाण्यापर्यंत चालत जावे लागते, हे याच जिल्ह्याने देशाला शिकवले.

आजचे तळे म्हणजे तो निधी आहे. त्यात पाणी आपल्याही घामाचे आहे. येत्या प्रत्येक ग्रामसभेत, प्रभाग सभेत आणि निवडणुकीच्या प्रत्येक सभेत उमेदवाराला एवढेच विचारा : माझ्या भाड्यातले साडेसतरा टक्के कुठे जातात आणि माझ्या वाडीला बस किती वाजता येते? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याला मत कशासाठी द्यायचे?

जय भीम! जय संविधान!